तेलबियांचें राज्य आणि नाकेबंदी

हल्लींच्या हिंगोली जिल्ह्यांतील साखरा हें गांव १९४८ सालीं निजामाच्या राज्यांत, परभणी जिल्ह्यांत मोडत असे. उत्तरेस वऱ्हाडाची सरहद्द, म्हणजेच भारताचा मुलूख. हैदराबाद संस्थान भुईमूग, एरंडी व कापूस बाहेर धाडी. परंतु त्यास समुद्रकिनारा नव्हता. मीठ, राकेल व पेट्रोल बाहेरूनच यावें लागे.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजीं भारताशीं ‘जैसे थे’ करार झाला. लवकरच निजाम सरकारनें सोन्याचांदीच्या निर्यातीस बंदी केली, संस्थानांत भारतीय चलन बेकायदा ठरविलें आणि पाकिस्तानास २० कोटी रुपयांचे रोखे कर्जाऊ दिले. पुढें सरहद्दीवर मालाची अडवणूक सुरू झाली. आपण नाकेबंदी पुकारली नसल्याचें भारत सरकार सांगे. उलट, औषधेंसुद्धां अडविलीं जातात, अशी हैदराबादची ओरड होती. २१ ऑगस्ट १९४८ रोजीं हा तंटा सुरक्षा मंडळापुढें गेला.

अशा कोंडींत कोण सांपडतो? दरबारासाठीं कराचीहून विमानांनीं शस्त्रें येत होतीं. राकेल आणि मीठ विमानानें येत नसतें. कुणब्याची तेलबीही विमानानें जात नाहीं. त्यांतच रझाकारांचा जाच होता.

अखेरचा निकाल नाकेबंदीनें लागला नाहीं. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या आणि पांचव्या दिवशीं निजामानें युद्धबंदी जाहीर केली. कोंडी राजाची मांडली, तरी तिची पहिली झळ रयतेच्या चुलीला लागते, हेंच या प्रकरणांत दिसून येतें.