गज सोडून पाहावा

दिवाळीच्या पहिल्या पहाटे आमच्या नेवाशाच्या गल्लीत पहिला आवाज उठतो तो टिकल्यांच्या पिस्तुलाचा. अंगाला उटणे लागायच्या आत पोरे ओट्यावर येतात आणि दिसेल त्याच्यावर पिस्तूल रोखून चाप ओढतात. माझी आजी होती तोवर हा खेळ आमच्या ओट्यावर चालत नसे. "टिकली नसली म्हणून काय झालं? माणसावर धरू नये रे! वास्तुपुरुष केव्हा तथास्तु म्हणेल, नेम नाही," असे ती म्हणे आणि पिस्तूल धरलेला हात जमिनीकडे वळवी.

आजीला अक्षरओळख नव्हती. तरी जगभर बंदूक हाताळणारे जाणते लोक जो पहिला नियम सांगतात, तो हाच : रिकामी बंदूकही भरलेलीच समजावी. हा नियम आपल्या मुलखात कसा आला, कुणी सांभाळला आणि मध्येच कुठे हरवला, याची हकिगत मोठी मनोरंजक आहे. फटाक्यांच्या दिवसांत ती सांगायला हरकत नसावी.

1290 साली प्रवरेच्या काठी, पैसाच्या खांबाशी टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, तेव्हा या मुलखाने बंदूक पाहिलेली नव्हती. पसायदान मागणाऱ्या त्या तरुणाच्या कानी बाराचा आवाज कधी पडला नसेल. पुढे दोन-अडीच शतकांत चित्र पालटले. नेवाशाहून दिवसा-दोन दिवसांच्या पायी वाटेवर निजामशाहीचे अहमदनगर उभे राहिले आणि तेथे तोफा ओतल्या जाऊ लागल्या. मुलुख-मैदान ही प्रचंड तोफ 1549 साली नगरलाच ओतली गेली. ओतणारा कारागीर रूमी, म्हणजे तुर्कस्तानाकडचा. ही तोफ पुढे परांड्यास आणि तेथून विजापुरास गेली. आजही ती तेथील बुरुजावर आहे. तिच्या शेजारी पाण्याचे टाके आहे. बत्ती दिली की गोलंदाज त्या पाण्यात बुडी मारी, म्हणजे कानठळ्या बसत नसत, असे तेथे सांगतात. खरेखोटे तो बुरूज जाणे. परंतु हत्याराची भीती बाळगण्यात कमीपणा नाही, हे ती गोष्ट रचणाऱ्याला नक्की ठाऊक होते.

मराठ्यांच्या राज्यात तर ही भीती लेखी नियमांत उतरली. रामचंद्रपंत अमात्यांनी 1715 च्या सुमारास आज्ञापत्र लिहिले. दुर्गांविषयी त्यात जे सांगितले आहे, त्यात दारूखान्याची काळजी आवर्जून घेतलेली दिसते. दारूखाना राहत्या घरांजवळ नसावा. भोवती दाट झाडी लावून, तळघरात असावा. दारूला ओल लागू देऊ नये. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने जातीने येऊन दारू बाहेर काढावी, ऊन द्यावे आणि पुन्हा मुद्रा करून ठेवावी. पहारा रात्रंदिवस जागता असावा आणि परवानगीवाचून कुणा माणसाला आसपास फिरकू देऊ नये. वाचकहो, यात शौर्याचा एक शब्द नाही. आहे तो नुसता बंदोबस्त. ज्यांनी आयुष्यभर लढाया पाहिल्या, त्यांना शत्रूच्या गोळ्याइतकीच आपल्या माणसाच्या निष्काळजीपणाची धास्ती होती.

त्या काळची बंदूकही तशीच होती. नळीत दारू नि गोळी गजाने ठासायची, कान्याशी रंजक घालायची आणि पेटती जामगी लावून बार काढायचा. एका हातात दारू आणि दुसऱ्या हातात विस्तव! असे हत्यार बाळगणारा माणूस वाग्दंडाने नव्हे, जिवाच्या धाकानेच शिस्त शिके. बाप मुलाला शिकवी, नाईक पोराटोरांना शिकवी.

1878 साली इंग्रज सरकारने शस्त्रांचा कायदा केला. गोऱ्यांना सूट आणि एतद्देशीयाला परवाना, असा तो भेद होता. राष्ट्रसभेने त्याविरुद्ध ठराव केले ते उगाच नव्हे. या कायद्याने लोकांची हत्यारे गेली हे सर्वांनी लिहिले. हत्यारांबरोबर ती हाताळण्याची रीतही गेली, हे फारसे कुणी लिहिले नाही. बंदूक गावात एखाद्याच घरी उरली. ती प्रतिष्ठेची वस्तू झाली, खुंटीवरची शोभा झाली. ज्याच्या घरी आली त्याला शिकवायला ना बाप जाणता, ना नाईक. मग गडाच्या हवालदाराचे काम कुणाकडे आले? माझ्या मते ते आले बंदुकीच्या दुकानदाराकडे. हे मला कसे कळले, ते सांगतो.

1991 साल असेल. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. माझ्या मामांचा ऊस प्रवरेच्या काठी होता आणि रानडुकरांचा उपद्रव फार. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो, तशी एक बंदूक मामांकडे होती. तिचा घोडा सैल झाला म्हणून मामा ती गोणपाटात गुंडाळून नगरला निघाले आणि मी हट्टाने बरोबर गेलो. साठ किलोमीटरचा एस.टी.चा प्रवास. गर्दीत मामांनी बंदूक माझ्या मांडीवर आडवी ठेवली. मला कोण अभिमान वाटला!

दुकानदार साठीचे गृहस्थ होते. सारे त्यांना काका म्हणत. मामांनी गोणपाट सोडले तशी नळी आधी माझ्याकडे आणि मग काकांच्या पोटाकडे फिरली. काका ओरडले नाहीत. त्यांनी दोन बोटांनी नळी हलकेच भिंतीकडे वळवली, तेथे वाळूचे पोते टेकवून ठेवलेले होते.

"रिकामी आहे ना, पाटील?"

"अहो काका, रिकामीच! दिवाळीपासून हात लावलेला नाही."

काकांनी मान डोलावली. पण गज काढून नळीत सोडला. मग तो बाहेर काढून नळीच्या बाजूने लावला आणि पाहिले. नळी जिथे संपते तिथपर्यंत गज आत गेलेला नव्हता. चार बोटे कमी पडत होता. ठासणीच्या नळीत डोकावून काही दिसत नाही. गज सांगेल तेच खरे. आत बार होता.

काकांनी दुकानातल्या दोघा गिऱ्हाइकांना "जरा चहा घेऊन या" म्हणून बाहेर पाठवले. मला मागच्या ओट्यावर बसवले. नळीत पाणी ओतून दारू भिजवली, गजाला पेच लावून चिंध्या आणि छर्रे ओढून काढले. छर्रे त्यांनी बशीत ठेवले आणि मामांपुढे सरकवले. मामांचा चेहरा पांढरा पडला होता. ते पुटपुटले, "पण टोपी नव्हती लावलेली…"

"टोपी नव्हती म्हणून वाटेत वाचलात," काका म्हणाले. "पण घोडा दुरुस्त झाला की चालतो का, हे आम्ही टोपी फोडूनच पाहतो. मी तुमच्या शब्दावर गेलो असतो तर? पाटील, तुमचा शब्द खोटा नाही. पण बंदुकीला शब्द कळत नाही."

एवढेच. ना उपदेश, ना पाणउतारा. दुरुस्तीचे पैसे मात्र त्यांनी मोजून घेतले आणि मोजताना हसून म्हणाले, "बघा, पैसे मोजले म्हणून तुम्हाला राग आला का?"

पुढे मी शिक्षक झालो आणि नगरला गेलो की त्यांच्या दुकानी बसू लागलो. एक गिऱ्हाईक दस्ता खांद्याला लावून दारातून रस्त्यावरच्या माणसावर नेम धरी. दुसरे, हाती पडताच चापावर बोट ठेवी. तिसरे सर्वांत अवघड : ज्याला सर्व काही येते ते! काकांची रीत तिघांशी एकच. दुनळी मांडावरून काढली की आधी मोडून उघडायची, दोन्ही नळ्यांतून उजेड दाखवायचा आणि उघडीच हातात द्यायची. घेणाऱ्याने पुन्हा स्वतः पाहायचे. पाहिले नाही तर बंदूक परत घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून द्यायची. ज्याच्या तोंडाला दारूचा वास आला, त्याला "आज माल नाही" एवढेच उत्तर. आमच्याकडे एकाने तपासलेले दुसऱ्याने तपासणे म्हणजे अविश्वास, अपमान. काकांच्या दुकानात तो शिष्टाचार होता.

कायदाही सावकाश तिथेच आला. 1959 चा स्वतंत्र भारताचा शस्त्र कायदा 1962 पासून अमलात आला. 2016 च्या नियमांनी परवाना मागणाऱ्यास सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली. 2019 च्या दुरुस्तीने आनंदाच्या भरात हयगयीने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणे हा वेगळा गुन्हा ठरवला. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लग्नाच्या वरातीत मिशीला पीळ देऊन बार काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. वर गेलेली गोळी वर राहत नाही.

परंतु कायदा काउंटरवर उभा राहत नाही. तिथे उभा असतो एक माणूस. गिऱ्हाईक दुखावले तर धंदा जातो आणि न दुखावले तर कदाचित जीव जातो, अशा कात्रीत तो रोज काम करतो. आज्ञापत्रातल्या हवालदाराला मागे राजाज्ञा होती. या माणसाला फक्त त्याची जीभ आणि दोन बोटे.

मामा गेले, त्याला आता काही वर्षे झाली. परवाना त्यांच्या नावचा, म्हणून बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची होती. मामेभाऊ म्हणाला, "दादा, रिकामीच आहे. वर्षानुवर्षे खुंटीला आहे." मी नळी भिंतीकडे वळवली आणि गज सोडला. या खेपेला तो तळाशी टेकला. भाऊ हसला, मीही हसलो. पण पाहिले ते बरे केले.

या दिवाळीत तुमच्या ओट्यावर एखादे पोर टिकल्यांचे पिस्तूल घेऊन येईल आणि तुमच्यावर रोखील. त्याला रागावू नका. हात धरून जमिनीकडे वळवा, एवढे पुरे.