समुद्रमार्गांचा शोध आणि मूळ रहिवासी : अमेरिका व दाभोळ

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात समुद्रकाठी मुरुड हे गाव आहे. (रायगड जिल्ह्यातील मुरुड-जंजिरा ते वेगळे.) या गावाच्या दक्षिणेस, वाशिष्ठी नदीच्या मुखाशी दाभोळ हे जुने बंदर आहे. युरोपीय दर्यावर्दींच्या मोहिमांचा इतिहास आपण बहुधा त्यांच्या पराक्रमाचा म्हणून वाचतो. ज्यांच्या किनाऱ्यास त्यांची जहाजे लागली, त्या लोकांच्या बाजूने तो पाहावयाचा असेल, तर दाभोळ हे आपल्या जवळचे उदाहरण होय.

पार्श्वभूमी

१४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला. १४९४ च्या तोर्देसिल्यास करारान्वये स्पेन व पोर्तुगाल यांनी नव्या प्रदेशांवरील हक्क आपसांत वाटून घेतले. तेथील रहिवाशांना कोणी विचारले नाही. १५०० मध्ये हिंदुस्थानाकडे निघालेला पोर्तुगीज सेनानी काब्राल वाटेत ब्राझीलच्या किनाऱ्यास लागला आणि पुढे कालिकतला आला.

दाभोळचा विध्वंस

त्या काळी दाभोळ हे आदिलशाहीतील भरभराटीचे बंदर होते. मार्च १५०८ मध्ये चौल येथे इजिप्त व गुजरातच्या आरमाराशी झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द अल्मैदा याचा पुत्र लोरेन्सु मारला गेला. सूड घेण्यासाठी दीवकडे निघालेल्या अल्मैदाने डिसेंबर १५०८ च्या अखेरीस वाटेतील दाभोळवर हल्ला केला. स्त्रिया व बालकांसह रहिवाशांची कत्तल झाली आणि शहर जाळण्यात आले.

दोन किनाऱ्यांतील फरक

दाभोळ पुन्हा उभे राहिले. कॅरिबियन बेटांवरील तायनो लोकांची संख्या मात्र सक्तीची मजुरी, हिंसा व रोगराई यांमुळे काही दशकांतच अत्यल्प झाली. देवी व गोवर हे रोग अमेरिकेस अपरिचित होते. आपल्याकडे ते पूर्वीपासून होते. शिवाय येथील राज्ये प्रबळ असल्यामुळे पोर्तुगिजांची सत्ता मुख्यतः किनारपट्टीपुरती राहिली.

कोकणचा काजू, तसेच मिरची, अननस व पपई ही मूळची अमेरिकेतील पिके पोर्तुगीज काळात आपल्याकडे आली. ‘काजू’ हा शब्दही ब्राझीलमधील तुपी लोकांच्या भाषेतून पोर्तुगीजमार्गे आलेला आहे.

ख्रिस्तसभेची भूमिका

१४५५ व १४९३ च्या पोपच्या आज्ञापत्रांचा आधार पोर्तुगाल व स्पेनच्या राजांनी आपल्या विस्तारासाठी घेतला, हे नाकारता येत नाही. त्याच ख्रिस्तसभेतून विरोधाचा आवाजही उठला. १५११ मध्ये डॉमिनिकन धर्मगुरू मोन्तेसिनोस यांनी हिस्पानिओला बेटावर प्रवचनातून स्पॅनिश वसाहतवाल्यांना जाब विचारला. बार्तोलोमे द लास कासास यांनी मूळ रहिवाशांच्या बाजूने दीर्घकाळ लढा दिला. १५३७ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी जाहीर केले की, हे लोक ख्रिस्ती नसले तरी त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने ‘शोधाच्या हक्काचा सिद्धान्त’ स्पष्ट शब्दांत अमान्य केला.

हा नकार केवळ अमेरिकेपुरता समजू नये. १४५५ च्या आज्ञापत्राचा आधार सांगणारी सत्ताच आपल्या किनाऱ्यावर आली होती. अमेरिकेतील मूळ रहिवाशांसाठी प्रार्थना करताना दाभोळच्या मृतांचेही स्मरण व्हावयास हवे.