पुतळी : परकी मुद्रा व देशी अर्थ

जुन्या यादींत ‘पुतळ्या’ हा शब्द आला म्हणजे वाचकानें क्षणभर थांबलें पाहिजे. हा शब्द नाण्याचा आहे, तसाच गळ्यांतील माळेच्या मण्याचाही आहे. आणि दोहोंचें मूळ व्हेनिस नगरींत आहे.

व्हेनिसच्या सरकारनें इ. स. १२८४ त, जोव्हानी दांदोलो हा तेथील डोज म्हणजे अधिपति असतां, ‘डुकाट’ हें सोन्याचें नाणें पाडण्याचें ठरविलें. त्याचें वजन सुमारें साडेतीन ग्रॅम असून सोनें जवळजवळ निर्भेळ असे. एका बाजूस डोज हा संत मार्कपुढें गुडघे टेकून त्याच्या हातून ध्वज घेत आहे. दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या लंबवर्तुळांत ख्रिस्त आशीर्वाद देत उभा आहे. इ. स. १७९७ त तें राज्य बुडेपर्यंत हा छाप मूलतः बदलला नाहीं.

स्वदेशीं या चित्राचा अर्थ स्पष्ट होता : राजसत्ता ही नगररक्षक संताची देणगी होय. व्यापाराबरोबर नाणें हिंदुस्थानांत आलें. हा अर्थ मात्र आला नाहीं. महाराष्ट्रांत त्यावरील मानवाकृतींवरूनच ‘पुतळी’ हें नांव पडलें असावें, असें आम्हांस वाटतें. तमिळ प्रदेशांत त्यास ‘शाणार काशु’ म्हणत. ध्वजदंड हें ताडाचें झाड व डोज हा त्यावर चढणारा शाणार, असा लोकांनीं केलेला अर्थ थर्स्टन यानें १९०९ च्या आपल्या ग्रंथांत नमूद केला आहे. देशी सोनारांनीं केलेल्या नकलांत लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या, पण आकृति राहिल्या. यावरून लोकांचें लक्ष लेखाकडे नसून चित्राकडे होतें हें उघड आहे.

यांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली कागदपत्रांविषयीं : ‘पुतळ्या’ ही नोंद रोकडींत आहे कीं दागिन्यांत, हें पाहिल्यावांचून अर्थ करूं नये, आणि केवळ त्या शब्दावरून नाणें व्हेनिसचेंच होतें असेंही मानूं नये. दुसरी संग्राहकांविषयीं : कडी जोडलेली पुतळी बिघडलेली म्हणून पुष्कळ जण टाकून देतात व ती अखेर मुशींत जाते. आमच्या मतें ती कडी हाच पुरावा आहे. कडी कोठें जोडली, कोणती आकृति सरळ लोंबत असे, कोणती बाजू अंगास घासून झिजली, हें टिपून ठेवल्यास धारण करणारानें कोणती बाजू दर्शनी मानली याचें अनुमान करतां येतें. मूळ छाप दुसऱ्या नाण्यावरही सांपडेल. ही खूण एकदां आटली म्हणजे पुन्हां मिळणार नाहीं.