स्थगिती म्हणजे नेमकं काय?

मागच्या आठवड्यात भाचीचा फोन आला होता. तिचा मुलगा कॉलेजात राज्यशास्त्र शिकतो. त्याचा प्रश्न असा, की कोर्टाने निवडणूकच रद्द केली होती, तर इंदिरा गांधी पंतप्रधान राहिल्या कशा? फोनवर सांगता सांगता बरंच राहून गेलं, म्हणून इथे लिहिते आहे.

१२ जून १९७५. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी बाईंची १९७१ ची रायबरेलीची निवड रद्द केली. राजनारायण लाखाहून जास्त मतांनी हरले होते. सिद्ध झालं ते एवढंच, की यशपाल कपूर सरकारी नोकरीत असताना त्यांची प्रचारात मदत घेतली आणि उत्तर प्रदेशच्या अधिकाऱ्यांनी सभांची व्यासपीठं बांधून दिली, लाउडस्पीकरसाठी विजेची सोय केली. परिणाम? सहा वर्षं अपात्रता. हा दोष केवढासा, यावर तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये चहा गार होईपर्यंत भांडणं झाली आहेत. असो.

सिन्हांनी स्वतःच आपल्या निकालाला वीस दिवसांची स्थगिती दिली होती. मग अपील सर्वोच्च न्यायालयात गेलं. उन्हाळ्याची सुट्टी, आणि सुट्टीतले न्यायाधीश होते कृष्ण अय्यर. कायदामंत्री ह. रा. गोखले (आपल्याच मुंबई उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश) यांनी भेटायची इच्छा दाखवली. अय्यर यांनी त्यांना अर्ज रीतसर कचेरीत दाखल करायला सांगितलं. ही हकीगत पुढे अय्यर यांनीच सांगितली आहे. बाईंच्या बाजूने पालखीवाला उभे राहिले आणि त्यांनी संपूर्ण स्थगिती मागितली.

२४ जूनला मिळाली ती सशर्त. लोकसभेत जाता येईल, हजेरीपटावर सही करता येईल, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही आणि मानधनही घेता येणार नाही. पंतप्रधान म्हणून मात्र सभागृहात बोलता येईल.

मला वाटतं, खरी गंमत इथेच आहे. काढून घेतलं काय, तर पाचशेवर सभासदांतलं एक मत. ठेवलं काय, तर राष्ट्रपतींना सल्ला देण्याचा अधिकार. यात अय्यर यांना दोष देणारे पुष्कळ आहेत, मी देत नाही. निवडणुकीच्या अपिलात अशीच सशर्त स्थगिती द्यायची वहिवाट होती आणि ते त्या वहिवाटीने गेले. पण ती वहिवाट साध्या आमदार-खासदारासाठी पडलेली होती.

दुसऱ्याच दिवशी, २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. तिला इतरही कारणं होती, जयप्रकाशांचं आंदोलन होतंच. पालखीवालांनी वकीलपत्र परत केलं. ऑगस्टमध्ये अपील अजून पडूनच असताना संसदेने निवडणुकीचा कायदा बदलला, तोही मागच्या तारखेपासून. राजीनामा राजपत्रात लिहिलेल्या तारखेपासून लागू धरायचा, सरकारी अधिकाऱ्यांनी कर्तव्य म्हणून केलेली व्यवस्था मदत समजायची नाही, वगैरे. ज्या मुद्द्यांवर हार झाली होती, नेमके तेच! शिवाय ३९ वी घटनादुरुस्ती. ७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीतलं पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाबाहेर ठेवणारं कलम फेटाळलं, पण बदललेल्या कायद्याच्या आधारे निवड कायम केली. म्हणजे अपील टांगलेलं असताना अपील करणाऱ्याच्याच पक्षाने कायदा बदलून घेतला.

आमच्याकडे सरकारी नोकर अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित धरला जातो. खटलासुद्धा उभा राहिलेला नसतो, अपील तर लांबच.

उलट बाजूचं उदाहरण तमिळनाडूचं. जयललिता २००० साली दोषी ठरल्या, तीन वर्षांची शिक्षा झाली. अपिलात शिक्षेला स्थगिती मिळाली, दोषसिद्धीला नाही. २००१ मध्ये उमेदवारी अर्जच फेटाळले गेले, तरी पक्ष जिंकला आणि १४ मे रोजी त्या मुख्यमंत्री झाल्या. आमदार नसतानाही सहा महिने मंत्री राहता येतं ना, म्हणून! २१ सप्टेंबरला न्या. भरुचा यांच्या घटनापीठाने ती नेमणूकच रद्द केली. जो आमदार व्हायलाच अपात्र आहे, त्याला ही सहा महिन्यांची सवलत कशी मिळेल? मात्र मधल्या चार महिन्यांतले सरकारी निर्णय त्यांनी मोडू दिले नाहीत. पनीरसेल्वम खुर्चीवर बसले. डिसेंबरात बाई अपिलात निर्दोष सुटल्या आणि मार्च २००२ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. साडेपाच महिने गेले त्यांचे. हे नुकसान खरं आहे, पण भरून येण्यासारखं होतं. पंचाहत्तरचं तसं म्हणवत नाही.

दोषी ठरलेला आमदार-खासदार नुसतं अपील दाखल करून पद राखू शकत असे, ती सोय सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०१३ ला लिली थॉमस खटल्यात रद्द केली. आता दोन वर्षांची शिक्षा झाली की पद त्याच दिवशी जातं, आणि दोषसिद्धीलाच स्थगिती मिळाली तर परत येतं. २०२३ मध्ये राहुल गांधींच्या बाबतीत मार्च ते ऑगस्ट हे दोन्ही घडलं. निवडणूक रद्द ठरवणाऱ्या निकालाला मात्र अपिलात आजही स्थगिती मागता येते, आणि अटी काय घालायच्या ते न्यायाधीशच ठरवतात.