देव अज्ञान, विश्वस्त सज्ञान

दापोली तालुक्यात भारजा नदी समुद्राला मिळते तिथे केळशी आहे. महालक्ष्मीचे देऊळ आणि याकूबबाबांचा दर्गा ही गावाची दोन मोठी श्रद्धास्थाने. देवीचा रथ चैत्रात निघतो, बाबांचा उरूस भरतो, आणि दर्ग्याला शिवछत्रपतींकडून इनाम होते ही गोष्ट गावात कोणीही सांगेल. शब्दांच्या बाजूने पाहिले तर ही दोन ठिकाणे दोन वेगळ्या कुळांत वाढली. देवळाभोवतीचे शब्द देवस्थान, मानकरी, गुरव, वहिवाट. दर्ग्याभोवतीचे इनाम, सनद, मुजावर, वक्फ. १९५० साली मुंबई राज्याने एक कायदा केला आणि दोन्ही कुळांना एकाच पंक्तीला बसवले. त्या कायद्याच्या व्याख्येत देऊळ आहे, मठ आहे, वक्फ आहे, ‘धर्मादा’ आहे आणि १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेली धार्मिक किंवा धर्मादाय संस्थाही आहे. पुढे १९९५ च्या कायद्यानंतर वक्फची वाट वेगळी झाली, पण शब्द मात्र तोवर एकमेकांच्या शेजारी रुळले होते.

या कायद्याचे मराठी नाव ‘सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम’. सुरुवातीला त्यामागे ‘मुंबई’ होते, आता ‘महाराष्ट्र’ आहे. ज्या कचेरीत नोंदणी होते तिच्या पाटीवर मात्र ‘सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालय’ असते, तिथल्या साहेबांना ‘धर्मादाय आयुक्त’ म्हणतात, आणि कागद घेऊन गेलेला माणूस घरी येऊन सांगतो, ‘ट्रस्ट रजिस्टर झाला.’ एकाच गोष्टीला विश्वस्तव्यवस्था, न्यास, धर्मादाय आणि ट्रस्ट अशी चार नावे. चारही नावांमागची क्रियापदे वेगळी आहेत, म्हणून ती एकेक करून उलगडायला हवीत.

‘न्यास’ हा नि आणि अस् यांच्या जोडातून झाला. अस् म्हणजे टाकणे, नि म्हणजे खाली. न्यास म्हणजे खाली ठेवणे, आणि त्यावरून दुसऱ्याच्या हवाली केलेली ठेव. पूजेला बसलेला माणूस अंगन्यास, करन्यास करतो तेव्हा तो मंत्र शरीराच्या एकेका अवयवावर ठेवत असतो. ‘संन्यास’ हाही याच घरातला. तिथे सगळेच खाली ठेवायचे असते. स्मृतिकारांनी निक्षेप, उपनिधी, न्यास असे ठेवींचे प्रकार करून त्यांचे नियम सांगितले. भासाच्या ‘स्वप्नवासवदत्त’ नाटकात तर माणूसच न्यास होतो. यौगंधरायण वासवदत्तेला पद्मावतीकडे ठेव म्हणून सोपवतो, आणि ती जबाबदारी घेण्याआधी पद्मावतीचा कंचुकी चांगलाच कचरतो. बाकी काहीही देता येईल, ठेव राखणे मात्र कठीण, असा त्याच्या बोलण्याचा सूर आहे. देवळाच्या हिशेबावर सही करणाऱ्या कोणालाही तो पटावा. ‘न्यास’ या शब्दात ठेवणारा आहे, ठेवलेली वस्तू आहे, राखणारा आहे. राखणाऱ्याच्या मालकीला मात्र या शब्दात जागाच नाही.

‘विश्वस्त’ श्वासातून आला. श्वस् म्हणजे श्वास घेणे. वि लागला की मोकळा श्वास घेणे, निर्धास्त होणे. श्वास, निःश्वास, आश्वासन आणि विश्वास हे सगळे एका धातूचे. संस्कृतात ‘विश्वस्त’ म्हणजे निर्धास्त झालेला, भरवसा ठेवणारा, आणि ज्याच्यावर भरवसा ठेवला तोही. मराठी कायद्याने त्यातला शेवटचा अर्थ तेवढा घेतला. आता निर्धास्त व्हायचे ते गावाने, आणि विश्वस्ताने जागे राहायचे. ‘ट्रस्ट’ हा इंग्रजीतून आलेला पाहुणा वाटतो, पण त्याचे मूळ शोधणारे त्याला भक्कमपणाच्या, लाकडाच्या अर्थाच्या एका प्राचीन धातूशी जोडतात. संस्कृतातला ‘दारु’ म्हणजे लाकूड हा त्याच धातूचा मानला जातो, आणि त्यामुळे ‘देवदार’मधला दारही. म्हणजे मराठीने भरवसा श्वासात शोधला आणि इंग्रजीने लाकडात.

अरबीने तो थांबण्यात शोधला. ‘वक्फ’ची मूळ अक्षरे व-क-फ, आणि त्यांचा अर्थ थांबणे, उभे राहणे, थांबवणे. मालमत्ता वक्फ केली की ती थांबली. ती विकायची नाही, वारसांत वाटायची नाही. मालकी ईश्वराकडे गेली आणि उत्पन्न तेवढे धर्मकार्याकडे वाहते राहिले. कुराणाच्या पठणात श्वास घ्यायला जिथे थांबतात त्या जागेलाही वक्फ म्हणतात. याच तीन अक्षरांची बाळे मराठीत कधीची नांदत आहेत आणि कोणी त्यांना परके म्हणत नाही. थांबवलेले काम ‘मोकूब’. थांबून, उभे राहून नीट पाहिले की समज येते, म्हणून जाणकार तो ‘वाकबगार’, त्याची ताकद तो ‘वकूब’, आणि समज नसलेला ‘बेवकूफ’. ज्याचा वकूब नाही त्याला वक्फ सांभाळायला देऊ नये, ही ताकीद अरबी कोशकाराने मुद्दाम लिहून ठेवावी इतकी सोयीची आहे. दर्ग्याभोवतीचे बाकीचे शब्दही असेच चित्रे घेऊन येतात. ‘मुजावर’ म्हणजे मुळात शेजारी, पिराच्या शेजारी राहिलेला. ‘सनद’ म्हणजे ज्यावर टेकायचे ते, आधार. ‘उरूस’ म्हणजे लग्न. संताच्या मृत्यूकडे ईश्वराशी झालेले मीलन म्हणून पाहणाऱ्यांनी पुण्यतिथीला दिलेले नाव. आणि ही सनद ज्या ‘दप्तरा’त राहिली तो शब्द फारसीत आला ग्रीकमधून, कमावलेल्या कातड्याच्या नावावरून.

‘धर्मादाय’ची फोड लोक सहसा धर्म अधिक दाय अशी करतात. दाय म्हणजे देणे, वाटा. दायाद म्हणजे वाटेकरी. पण तशी फोड असती तर समासाने ‘धर्मदाय’ झाले असते. मधला लांब आ सांगतो की इथे ‘आदाय’ही असू शकतो, आणि आदाय म्हणजे घेणे. धर्माच्या नावाने द्यायचे की धर्माच्या नावाने घ्यायचे, असा हा आ एवढ्याचा फरक. व्यापाऱ्यांच्या ‘धर्मादा’त दोन्ही क्रिया होतात. पेठेत मालाच्या व्यवहारावर गिऱ्हाइकाकडून चार पैसे धर्मासाठी म्हणून कापून घेण्याची चाल होती. ते पैसे वेगळे ठेवायचे आणि सत्कारणी लावायचे. १९५० च्या कायद्याने या चालीला स्वतंत्र कलम दिले. धर्मादा म्हणून रक्कम घेतली त्या घटकेपासून व्यापारी तिचा विश्वस्त. ना सभा, ना घटना, ना शिक्का. नुसते गल्ल्यात पडलेले पैसे माणसाला विश्वस्त करून सोडतात.

गावात देवळा-दर्ग्याखेरीज तिसरा प्रकार असतो तो संस्थेचा. शाळा चालवणारी, वाचनालय चालवणारी, नाहीतर मुंबईत राहून गावाकडे पैसे पाठवणारी. कोकणातल्या वाडीवाडीची मंडळे मुंबईत चाळीच्या खोलीत निघाली, चाकरमान्यांनी चालवली. ‘संस्था’ म्हणजे एकत्र उभे राहणे, नीट उभे राहणे. १८६० चा कायदा त्यासाठी किमान सात माणसे मागतो. ‘संस्थान’ तिथलेच, पण मराठीत त्याला दोन रुबाब आले: सावंतवाडी हेही संस्थान आणि शिर्डीचे साईबाबा संस्थान हेही. राजाची गादी आणि देवाची गादी एकाच शब्दाने ओळखणारी भाषा देवस्थानाच्या कारभाऱ्याला आपोआप थोडे राजेपण देऊन बसते. ‘मंडळ’ त्या मानाने साधे. मंडळ म्हणजे वर्तुळ, आणि वर्तुळाला वरची जागा नसते. मंडळाची नियमावली ती ‘घटना’. घडलेली गोष्ट आणि घडवलेली नियमांची चौकट, दोघींना मराठी एकच नाव देते. पहिली आपसूक घडते. दुसरी सूचक-अनुमोदकाच्या सह्यांनी घडवावी लागते.

या सगळ्यांच्या डोक्यावर ‘सार्वजनिक’ हे विशेषण बसते. ते मराठी माणसाच्या जिभेवर पक्के बसवणाऱ्यांत पुण्याच्या सार्वजनिक सभेचा वाटा मोठा. ती १८७० साली स्थापन झाली, आणि तिच्या जन्माला निमित्त झाले ते एका देवस्थानाचे. पर्वतीच्या कारभाराविषयी पुण्यात असंतोष होता. त्यातून गणेश वासुदेव जोशींनी सभा उभी केली, आणि लोक त्यांनाच ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले. सभेचा सभासद व्हायचे तर किमान पन्नास लोकांच्या सहीचे मुखत्यारपत्र आणावे लागे. ‘मुखत्यार’ म्हणजे निवडलेला. देवळाचा हिशेब कोणी कोणाला द्यायचा, या प्रश्नाचे सभेचे उत्तर असे होते: ज्यांच्यासाठी देऊळ आहे त्यांनी निवडलेल्याला. राजकारणात शिरण्याआधी मराठीतला ‘सार्वजनिक’ देवळाच्या पायरीवर असा उभा होता.

आता कागदावर या. इनामाच्या जमिनींचे वर्ग आहेत, त्यात देवस्थान इनाम हा वर्ग ३. सातबाऱ्यावर कब्जेदाराच्या जागी देवाचे नाव असते, कारण मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे. तिच्या नावावर जमीन राहते, तिच्या वतीने दावा लागतो. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ मध्ये हे स्पष्ट सांगितले. पण देव स्वतः कोर्टात येऊन बोलत नाही. म्हणून कायदा त्याला बहुतेक कामापुरते अल्पवयीन धरतो. अल्पवयीनाला मराठी महसुली भाषा ‘अज्ञान’ म्हणते आणि मोठ्याला ‘सज्ञान’. सातबाऱ्यावर एखाद्या पोराच्या नावाखाली ‘अ.पा.क.’ अशी तीन अक्षरे दिसतात, म्हणजे अज्ञान पालनकर्ता. आता देवाकडे या नजरेने पाहा. सर्वज्ञ म्हणून ज्याची आरती करायची तो तलाठ्याच्या भाषेत अज्ञान, आणि ज्याचे ज्ञान गावाला ठाऊक आहे तो विश्वस्त सज्ञान. यात देवाची निंदा नाही. अज्ञानाच्या मालमत्तेला कायदा सर्वांत जास्त जपतो. पालनकर्त्याला ती मन मानेल तशी विकता येत नाही. सार्वजनिक न्यासाची स्थावर विकायची तर कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, ती यासाठीच.

आणि नोंदणीचा खरा मुक्काम म्हणजे ‘परिशिष्ट-१’. परिशिष्ट म्हणजे उरलेले, मागे राहिलेले. शेष, अवशेष यांचा भाऊबंद. नाव असे, आणि न्यासाचे सगळे त्यातच असते. न्यासाचे नाव, उद्देश, विश्वस्तांची नावे, जंगम-स्थावर, उत्पन्नाची साधने, कर्ज-बोजा. क्रमांकाआधी एक अक्षर येते: हिंदू धार्मिक न्यासाला ‘ए’, मुस्लिम न्यासाला ‘बी’, १८६० च्या कायद्यातून आलेल्या संस्थेला ‘एफ’. विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत कळवायचे, त्याला गावागावांत ‘चेंज रिपोर्ट’च म्हणतात. तो न दिल्यामुळे कितीतरी देवळांच्या परिशिष्टात दिवंगतच कारभार पाहत असतात.

याच परिशिष्टात एक रकाना आहे, विश्वस्तपदाच्या उत्तराधिकाराच्या पद्धतीचा. जुने आणि नवे शब्द खरे भिडतात ते इथे. गावाच्या बोलीत देवळाचा संबंध ‘मान’ या शब्दाने सांगतात. रथाला कोणी हात लावायचा, पालखी कोणाच्या दारी थांबायची, पहिला नारळ कोणाचा, हे मान ठरलेले असतात आणि ते घराण्यातून उतरतात. मान मिळतो, मान राहतो, मान जातो. त्याचा हिशेब कोणी मागत नाही, मागणे हा अपमान. न्यास, विश्वस्त, वक्फ, धर्मादा या शब्दांत उलटे आहे. तिथे वस्तू दुसऱ्याची आहे, ती आपल्यापाशी ठेवली आहे किंवा थांबवली आहे, आणि तिचा हिशेब मागणे हाच शब्दाचा अर्थ आहे. मानकऱ्याचा मुलगा मानकरी होतो यात काही वावगे नाही. ठेव सांभाळणाऱ्याचा मुलगा मात्र ठेव सांभाळायला लायक आहे की नाही, हे दर वेळी पाहायला हवे.

नोंदणी करताना लोक त्या रकान्यात बहुतेक वेळा ‘रूढीप्रमाणे’ एवढेच लिहून मोकळे होतात. वकीलही तेच सुचवतो, कारण भांडण त्या दिवसापुरते टळते. पुढे दोन पिढ्यांनी भावकीत वाद निघाला की याच एका शब्दावर वर्षानुवर्षे तारखा पडतात. प्रत्येक घराची रूढी वेगळी निघते. म्हणून नवा न्यास नोंदवणाऱ्यांना एकच सुचवावेसे वाटते. मान आणि विश्वस्तपद हे दोन वेगळे रकाने आहेत असे धरा. कोणत्या घराने रथाला हात लावायचा ते गावच्या रीतीने चालू द्या, हवे तर स्वतंत्र कागदावर लिहून ठेवा. पण पैशाची पेटी कोणी उघडायची, किती वर्षांसाठी, कोणी निवडायचे आणि हिशेब कोणापुढे वाचायचा, हे परिशिष्टाच्या त्या रकान्यात पूर्ण वाक्यांत लिहा. देव अज्ञान असला तरी त्याचे पालनकर्ते कोण, हे गावाला ठाऊक असले पाहिजे.