शरणपूरची पोरं

माझी पुतणी ह्यूस्टनला असते. दर जूनमध्ये तिचे फोटो येतात.. मिरवणूक, ढोल, लाल सरबत, शेगडीवर भाजलेलं मांस. सणाचं नाव 'जूनटीन्थ', म्हणजे १९ जून. लिंकनने गुलाममुक्तीचा जाहीरनामा काढला १ जानेवारी १८६३ ला, पण टेक्सासच्या गॅल्व्हस्टन बंदरात त्याचा हुकूम वाचला गेला १९ जून १८६५ ला. अडीच वर्षांनी! तेही जनरल ग्रेंजर फौज घेऊन आला तेव्हा. नुसत्या कागदाला मळेवाले थोडीच भीक घालणार? पुढल्या वर्षापासून तिथले काळे लोक हा दिवस साजरा करत आले. देशाच्या केंद्र सरकारची सुट्टी मात्र २०२१ ला मिळाली.

यंदा तिने विचारलं, "काका, आपल्याकडे असं काही आहे का?"

पळस्प्यात राहणाऱ्याला आधी जंजिराच आठवणार. फाट्यावरून गोवा रस्त्याला लागलं की पेण, वडखळ, अलिबाग करत मुरुड. पण तिथले आफ्रिकी वंशाचे सिद्दी राज्यकर्ते झाले. ती सत्तेची गोष्ट. सुटकेची गोष्ट आहे नाशकात.

नाशिककर मंडळींना शरणपूर रोड सांगायला नको. त्या शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटीची वस्ती होती. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडायचं, आणि त्यातली काही आफ्रिकन मुलं १८६० च्या सुमारास इथे आणून ठेवली जात. लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम शिकवत. म्हणजे गॅल्व्हस्टनला तो हुकूम वाचला जात होता त्या सुमारास गोदाकाठी ही पोरं रंधा मारत होती!

१८६६ च्या जानेवारीत लिव्हिंग्स्टन मुंबईहून आफ्रिकेला निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर इथली नऊ पोरं होती. नंतर पाठवलेल्यांत होता जेकब वेनराइट. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचं काळीज जिथे पुरलं तिथे प्रार्थना वाचली जेकबने. सोबत्यांनी तो मृतदेह महिनोन्‌महिने चालत समुद्रापर्यंत आणला. १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीबरोबर जेकब होता. नाशकात शिकलेला!

तरी मला एक गोष्ट खटकते. ही मुलं सुटली खरी, पण नाव मिशनऱ्यांनी दिलेलं, धर्म त्यांचा, कुठे जायचं तेही तेच ठरवणार. जेकबचं आईवडिलांनी ठेवलेलं नाव काय होतं? गॅल्व्हस्टनच्या हुकुमातही मोकळ्या झालेल्यांना सांगितलं होतं, गुमान जुन्या मालकाकडेच मजुरीवर राहा. सुटकेलाही अटी!

असो. १८७५ मध्ये मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसलं आणि नाशिकचे बरेच जण तिकडे गेले. (फ्रिअर म्हणजे मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर. आपल्या फ्लोरा फाउंटनला आधी त्यांचंच नाव द्यायचं घाटत होतं.) तिथे एक घंटा टांगलेली असे, गुलामांचे व्यापारी येताना दिसले की वाजवायला. स्वाहिलीत घंटेला म्हणतात केंगेले. ती घंटा अजून आहे आणि त्या भागाचं नावच पडलंय केंगेलेनी.