'मधुमेह' आणि 'डायबेटीस' : एका रोगनामाचा भाषिक इतिहास

प्रस्तावना

रोगाचे नाव हा त्या रोगाविषयीच्या तत्कालीन ज्ञानाचा सर्वांत संक्षिप्त पुरावा असतो. वैद्याने रुग्णाकडे पाहताना प्रथम काय हेरले, हे नावात नोंदले जाते. जे त्याच्या लक्षात आले नाही किंवा त्याला गौण वाटले, ते नावाबाहेर राहते. ज्या रोगाला आज मराठीत 'मधुमेह' व इंग्रजीत 'डायबेटीस मेलिटस' म्हटले जाते, त्याची नावे या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. एका परंपरेने मूत्राचा प्रवाह पाहिला, दुसरीने चव, तर तिसरीने तहान. प्रस्तुत लेखात या नावांच्या व्युत्पत्तीचा मागोवा घेऊन दोन प्रश्नांचा विचार केला आहे. 'मेलिटस' हे संस्कृत 'मधुमेह' शब्दाचे भाषांतर आहे काय, आणि रोगनामातील संदिग्धतेचे परिणाम केवळ शब्दकोशापुरते मर्यादित राहतात काय?

संस्कृत परंपरा : प्रमेह आणि मधुमेह

'मेह' हा शब्द सिंचन करणे, मूत्रविसर्जन करणे या अर्थाच्या 'मिह्' धातूपासून आला आहे. 'प्र' या उपसर्गामुळे 'प्रमेह' शब्दात आधिक्याचा अर्थ येतो. चरक व सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे २० प्रकार सांगितले असून त्यांत कफज १०, पित्तज ६ व वातज ४ अशी विभागणी आहे. मूत्राचा रंग, गढूळपणा, स्पर्श व चव यांवरून या प्रकारांना नावे दिली आहेत. उसाच्या रसासारखे मूत्र असणारा एक प्रकार कफज गटात येतो. 'मधुमेह' मात्र चरकाने वातज गटात घातला आहे. त्याच गटात सुश्रुताने 'क्षौद्रमेह' हे नाव योजले आहे. क्षौद्र म्हणजेही मधच. उपचार न केल्यास सर्वच प्रमेह अखेरीस मधुमेहात परिणत होतात, असे सुश्रुताचे मत आहे.

रुग्णाच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या आकर्षित होतात, ही चरकसंहितेतील पूर्वलक्षणांची नोंद सर्वपरिचित आहे. तुलनेने कमी उल्लेखिली जाणारी बाब वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त आढळते. तेथे मधुमेह या संज्ञेचे कारण देताना केवळ मूत्राच्या नव्हे, तर शरीराच्याही माधुर्याचा निर्देश केला आहे. सुश्रुताने जन्मजात व अपथ्यजन्य असे दोन भेद करून पहिल्यातील रुग्ण कृश व दुसऱ्यातील स्थूल असतो, असेही नोंदवले आहे.

येथे एक मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. 'प्रमेह' ही मूत्रविकारांची व्यापक संज्ञा होती. तिच्या २० प्रकारांना आजच्या एकाच रोगाचे प्रकार मानणे ऐतिहासिकदृष्ट्या ग्राह्य ठरत नाही.

ग्रीक, अरबी व चिनी परंपरा

'डायबेटीस' हा शब्द 'आरपार जाणे' या अर्थाच्या ग्रीक क्रियापदापासून बनला असून वक्रनलिका, म्हणजे सायफन, असा त्याचा अर्थ होतो. इ. स. च्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास कॅपाडोशियातील अरेटियस या वैद्याने या रोगाचे सविस्तर वर्णन केले. मांस व अवयव वितळून मूत्रावाटे वाहून जातात, प्यालेले पाणी शरीरात ठरत नाही, शरीर त्याच्यासाठी केवळ मार्ग बनते, अशी त्याची कल्पना होती. त्याच्या वर्णनाचा भर प्रवाहावर व तहानेवर आहे. संस्कृत 'मिह्' धातूशी सजातीय असलेले, मूत्रविसर्जनाचे क्रियापद ग्रीक भाषेत उपलब्ध होते. तरीही ग्रीक वैद्यकाने रोगाचे नाव शरीरक्रियेवरून न घेता एका उपकरणावरून घेतले, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अरबी वैद्यकाने ग्रीक शब्द लिप्यंतरित करून स्वीकारला. इब्न सीना (मृत्यू इ. स. १०३७) याने 'कानून' या ग्रंथात ग्रीक नावाबरोबरच 'दूलाब', म्हणजे पाण्याचा राहाट, हे अरबी पर्यायी नाव दिले आहे. राहाटाचे पोहरे भरावेत आणि रिते व्हावेत, तसे रुग्णाचे पाणी पिणे व मूत्रविसर्जन अखंड चालू राहते, असे हे रूपक उलगडता येते. उपकरण बदलले, परंतु दृष्टी प्रवाहाचीच राहिली.

चिनी वैद्यकातील 'श्याओ-के' या संज्ञेत शरीराची झीज व तहान या दोन लक्षणांचा संयोग आहे. इ. स. ७५२ मधील वांग थाओ याच्या वैद्यकसंग्रहात अशा रुग्णांचे मूत्र गोड असल्याची नोंद आहे. म्हणजे तेथे गोडवा ज्ञात झाला, तरी नाव तहानेचेच टिकले. आधुनिक चिनी संज्ञेचा शब्दशः अर्थ मात्र 'साखर-मूत्र-रोग' असा होतो.

'मेलिटस' आणि भाषांतराचा प्रश्न

युरोपात मूत्राच्या गोडव्याकडे लक्ष वेधले ते इंग्लंडमधील थॉमस विलिस (१६२१–१६७५) याने. मात्र या गोडव्याचे कारण साखर होय, असे त्याने मानले नाही. १७७६ मध्ये लिव्हरपूल येथील मॅथ्यू डॉब्सन याने रुग्णाचे मूत्र आटवून उरलेला पदार्थ साखरेसारखा असल्याचे दाखवले आणि रक्तद्रवही गोड असल्याचे नोंदवले. १८१५ मध्ये शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ही द्राक्षशर्करा असल्याचे सिद्ध केले. 'मधाने युक्त' या अर्थाचे 'मेलिटस' व 'बेचव' या अर्थाचे 'इन्सिपिडस' ही लॅटिन विशेषणे अठराव्या शतकातील रोगवर्गीकरणात रूढ झाली.

'मधु' व 'मेलिटस' यांतील अर्थसाम्यामुळे, युरोपीयांनी संस्कृत शब्दाचेच भाषांतर केले असे विधान अनेकदा केले जाते. उपलब्ध पुरावा त्यास अनुकूल नाही. सुश्रुतसंहितेचा अरबी अनुवाद अब्बासी काळात बगदाद येथे झाला होता, अल्-राझी याने त्यातील उतारेही घेतले होते. म्हणजे ज्ञानाच्या संक्रमणाचा मार्ग खुला होता. परंतु याच मार्गावरील अरबी वैद्यकात रोगाचे नाव ग्रीकच राहिले आणि लॅटिनमध्येही तेच गेले. विलिसचे निरीक्षण प्रत्यक्ष चवीवर आधारित होते. दोन परंपरांनी एकच गोडवा स्वतंत्रपणे चाखला व दोन्ही ठिकाणी मधाचीच उपमा सुचली, हे स्पष्टीकरण अधिक संयुक्तिक वाटते. यामुळे भारतीय निरीक्षणाचे कालदृष्ट्या अग्रत्व तसूभरही कमी होत नाही. ते सिद्ध करण्यासाठी भाषांतराच्या दाव्याची गरजही नाही.

आधुनिक भारतीय भाषा

'प्रमेह' हाच शब्द मल्याळममध्ये 'प्रमेहम्' या रूपात मधुमेहासाठी रूढ आहे. मराठीत मात्र त्यापासून बनलेला 'परमा' हा शब्द गुप्तरोगाचा वाचक झाला. त्याबरोबर लज्जेची छायाही आली आणि मधुमेहासाठी तो निरुपयोगी ठरला. तमिळमधील 'नीरिळिवु' या नावात पाणी निघून जाण्याची, म्हणजे ग्रीक नावाशी जुळणारी, कल्पना आहे. बंगालीत 'बहुमूत्र' हे नाव आढळते.

आजच्या बोलीत 'शुगर वाढली', 'शुगर तपासली' असे प्रयोग सर्रास होतात. या शब्दाचा प्रवास संस्कृत 'शर्करा', फारसी 'शकर', अरबी 'सुक्कर', फ्रेंच 'सुक्र' व इंग्रजी 'शुगर' असा आहे. मराठी 'साखर' याच कुळातील होय. इंग्रजी म्हणून वापरला जाणारा हा शब्द मूळ शर्करेचेच परतलेले रूप आहे. तथापि अर्थ बदलला आहे. 'मेह' मूत्राकडे निर्देश करतो, तर 'शुगर' रक्तातील मोजमापाकडे.

नावाची किंमत

'डायबेटीस' या सामाईक नावाखाली दोन भिन्न रोग शतकानुशतके राहिले. 'इन्सिपिडस' या रोगाचा रक्तशर्करेशी संबंध नाही. व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाची कमतरता किंवा त्याला मूत्रपिंडाचा अपुरा प्रतिसाद हे त्याचे कारण आहे. तरीही 'डायबेटीस' एवढेच वाचून रुग्णालयांत गैरसमज झाल्याच्या, आवश्यक औषध न मिळाल्याने रुग्ण दगावल्याच्या घटना घडल्या. १००० हून अधिक रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत सुमारे ८० टक्के रुग्णांनी वैद्यकीय व्यावसायिकांकडून असा गोंधळ झाल्याचे सांगितले. २०२२ मध्ये अंतःस्रावशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने या रोगासाठी 'आर्जिनिन व्हॅसोप्रेसिनची कमतरता' व त्याला 'प्रतिरोध' अशी कारणदर्शक नावे सुचवली.

समारोप

वक्रनलिका, मध, तहान व राहाट ही सर्व नावे अचूक निरीक्षणातून आली. परंतु ती लक्षणांची नावे होती, कारणांची नव्हेत. मराठी परिभाषेच्या दृष्टीने यातून एक व्यावहारिक सूचना निघते. 'इन्सिपिडस'साठी प्राचीन यादीतील 'उदकमेह' हे नाव योजण्याचा मोह स्वाभाविक आहे. तसे केल्यास दोन भिन्न रोगांना 'मेह' हे सामाईक पद पुन्हा लाभेल आणि ज्या चुकीची दुरुस्ती इतरत्र झाली, तीच मराठीत नव्याने रुजेल. म्हणून पारिभाषिक संज्ञा निश्चित करताना शब्दाच्या प्राचीनतेइतकाच, तो वाचून शुश्रूषा करणाऱ्याचा काय समज होईल, याचाही विचार व्हावयास हवा.